लेकराच्या आईला दाराशी काय सांगशील?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून चोवीस वर्षांच्या मुलीचं पत्र आलंय. नाव-गाव छापू नका, असं तिनं पहिल्याच ओळीत लिहिलंय. पत्र लांबलचक आहे, त्यातला कामाचा भाग तेवढा इथं देते.

"आदरणीय ताई, आम्ही तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. आजोबा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. बाबांची चार एकर कोरडवाहू आहे, कपाशी अन् तूर. मी इंग्रजी घेऊन बी.ए. केलं, मग बी.एड. आता तालुक्याच्या एका इंग्लिश मीडियम शाळेत सात हजारांवर शिकवते. मागच्या महिन्यात आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बाहेरून एक पथक आलं होतं. त्यांनी मला थायलंडमध्ये एक वर्ष येण्याबद्दल विचारलं. तिथं मुलांना इंग्रजी शिकवायचं आणि त्यातूनच येशूची सुवार्ता सांगायची. आत्ता टुरिस्ट म्हणून चला, पुढचं तिथं पाहून घेऊ म्हणाले. कोणी विचारलं तर 'मी इंग्रजीची टीचर' एवढंच सांगायचं. अडीच लाख रुपये उभे करायचे आहेत. बाबा म्हणतात, 'आपल्या इथल्या पोट्ट्यांले इंग्रजी येत नाही, अन् तू तिकडं कोनाले शिकवाले चालली?' आई काहीच बोलत नाही. मला देवाचं पाचारण आलंय असं मनापासून वाटतं. पण ते 'एवढंच सांगायचं' मला अडतं. तसं विचारलं तर म्हणाले, येशूनंच सांगितलंय ना, सापांसारखे चतुर व्हा. माझं इंग्रजी तेवढं चांगलं आहे का, हेही कळत नाही. सोबत त्यांची दोन पत्रकं आणि मी इंग्रजीत लिहिलेलं एक पान जोडते. तीस तारखेच्या आत कळवायचंय. काय कळवू?"

पोरी, मी ख्रिस्ती नाही, हे आधीच सांगून टाकते. तुझं पाचारण खरं की खोटं, यावर मी तोंड उघडणार नाही. तो तुझा आणि तुझ्या देवाचा मामला आहे. पण मी इंग्रजी शिकवली आहे, ज्यांच्या घरात इंग्रजीचा एक कागद नव्हता अशाच लेकरांना बहुतेक. त्यामुळं वर्गाबद्दल, कागदपत्रांबद्दल आणि पैशाबद्दल मला बोलता येईल. आणि जे तुला अडतंय त्याबद्दलही.

जायला माझी ना नाही. परदेशात जाऊन इंग्रजी शिकवणं चांगलं काम आहे आणि श्रद्धेपोटी ते करावंसं वाटलं तर त्यात वावगं काही नाही. मात्र हे लोक तुला ज्या रीतीनं न्यायला निघालेत, त्या रीतीनं जाऊ नकोस.

ती पत्रकं पाठवलीस ते फार बरं केलंस. मी दोन्ही शेजारी-शेजारी ठेवून वाचली. एक मराठीत आहे, इकडच्या मंडळ्यांसाठी. वर डोंगरातल्या मुलांचा फोटो, खाली 'इंग्रजीच्या दारातून सुवार्ता', आणि तळाशी दरमहा किती अर्पण देऊ शकाल त्याच्या चौकटी. दुसरं तिकडच्या पालकांसाठी आहे, त्याचा इंग्रजी तर्जुमा तुला दिलेला दिसतो. फोटो तोच. मजकूर मात्र असा: मोफत इंग्रजी शिबिर, भारतातले प्रशिक्षित शिक्षक, सकाळी नऊ ते बारा वर्ग, दुपारी खेळ, संध्याकाळी 'गाणी व गोष्टी'. येशूचं नाव नाही, चर्चचा उल्लेख नाही, संस्थेचं नावसुद्धा नुसत्या आद्याक्षरांत. म्हणजे जो पैसे देतो त्याला खरं सांगायचं, आणि ज्याचं लेकरू आहे त्याला अर्धं. तुला जे अडतंय ते हेच, आणि ते बरोबर अडतंय.

डोळ्यांसमोर एक बाई आण. शेतातून आलेली, स्कूटरवर पोराला मागं बसवून शिबिराच्या दाराशी उतरवणारी. ती तुला विचारते, बाई, तुम्ही एवढ्या लांबून, फुकट शिकवायला कशा आलात? तिला जे सांगायचं ते तुला पुरतं सांगता येत असेल तर खुशाल जा. "मी ख्रिस्ती आहे, माझ्या श्रद्धेमुळं आले, सकाळी इंग्रजी शिकवते, संध्याकाळी बायबलच्या गोष्टी असतात, तुमच्या मुलाला त्याला बसवायचं नसेल तर बारा वाजता घेऊन जा, इंग्रजीत काही फरक पडणार नाही." इतकं बोलायला अर्धं मिनिट लागतं. ऐकून ती पोराला परत घेऊन गेली तर तो तिचा हक्क. आणि ती ठेवून गेली, तर तुझ्या कामाला जे बळ येईल ते कोणत्याही चतुराईनं येणार नाही.

हेच उलटं करून बघ. उद्या तुमच्या गावात परक्या मुलखातलं कोणी आलं, मंडळीतल्या मुलांना फुकट कॉम्प्युटर शिकवतो म्हणालं, आणि संध्याकाळच्या 'गाणी-गोष्टीं'त तुमच्या लेकरांना गुपचूप दुसऱ्या धर्माचं शिकवायला लागलं, तर तुमचे पास्टर काय म्हणतील? पुढच्या रविवारच्या उपासनेत त्यावरच बोलतील की नाही?

आता ते सापांचं वचन. तू संडे स्कूलमध्ये वाढलेली, तुला मी काय सांगावं. पण बायबलात मत्तयाच्या दहाव्या अध्यायात त्याच वाक्यात पुढं कबुतरांसारखे निरुपद्रवी व्हा असंही आहे. अर्धं वचन सांगणाऱ्या माणसाला उरलेलं अर्धं विचारावं. शिवाय अध्याय पुढं वाच. जे कानात ऐकलं ते धाब्यावरून गाजवा, असंही त्यातच सांगितलंय. ज्यांना चतुर व्हा म्हटलं होतं ते शिष्य आपण कोण आहोत हे सांगतच गावोगाव जात होते. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या चौथ्या अध्यायात पौलही म्हणतो की आम्ही लपवाछपवीच्या, लाजिरवाण्या गोष्टी टाकून दिल्यात, कपटानं वागत नाही. तुमच्या शास्त्रावरून भांडायला मला आवडत नाही, पण वचन त्यांनी काढलं म्हणून बोलले.

आणि कोणी आपणहून विचारलं तर? तर बोल की. शेजारीण चहाला बोलावते, गळ्यातला क्रूस बघून विचारते, तेव्हा मोकळेपणानं सांगायचं. पेत्राच्या पहिल्या पत्रात तिसऱ्या अध्यायात तेच आहे, विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेनं आणि आदरानं. मोठ्या माणसांशी वर्गाबाहेर, बरोबरीच्या नात्यानं झालेलं बोलणं कुणाला फसवत नाही. माझी हरकत आहे ती वर्गातल्या लेकरांच्या बाबतीत.

शिक्षकाचं वजन किती असतं ते तुला माहीत आहे. आपल्याकडं ट्यूशनवाले सर म्हणतील त्या कंपनीची वही पोरं घेतात. तिकडं तर हे आणखी आहे. थायलंडच्या शाळांत दरवर्षी सत्र सुरू झाल्यावर 'वाय ख्रू' नावाचा दिवस असतो, मुलं गुडघ्यावर बसून शिक्षकांना फुलं वाहतात. आपली गुरुपौर्णिमाच म्हण. अशा देशात बारा वर्षांचं पोर 'टीचर'ला नाही म्हणेल का? त्याला सर्टिफिकेट हवंय, परदेशी बाईंची शाबासकी हवीय. संध्याकाळी तू विचारलंस, येशूवर विश्वास ठेवशील का, तर ते हो म्हणेल. सकाळी तू 'रिपीट आफ्टर मी' म्हणालीस तेव्हाही ते हो म्हणालं होतं. ही दोन हो वेगळी कशी काढणार? तुमच्या पथकाच्या अहवालात तेवढा आकडा भरला जाईल, इकडच्या मंडळीत टाळ्या पडतील, आणि ते पोर घरी जाऊन मार खाईल किंवा सगळं विसरून जाईल.

आपल्याकडचाच इतिहास बघ. मुंबईत मिशनरी जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या दोन पारशी मुलांनी 1839 मध्ये बाप्तिस्मा घेतला. प्रकरण कोर्टात गेलं, शहर ढवळून निघालं, आणि पालकांनी भराभर मुलं शाळेतून काढून घेतली. त्या शाळेत बायबल शिकवतात हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी ही गत. स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपूरला आले, त्यांनी शाळा काढली ती मिशनची म्हणूनच. लोक इंग्रजीसाठी पोरं पाठवत, तिथं बायबलचा तास आहे हे डोळ्यांआड नव्हतं. त्यांच्या नावाचं कॉलेज 1883 पासून नागपुरात आहे, आणि त्यात कोणकोणत्या धर्माची पोरं शिकून गेली ते तुझ्या तालुक्यातल्या जुन्या वकील-मास्तरांना विचार. त्या काळच्या मिशनऱ्यांबद्दल भांडण्यासारखं पुष्कळ आहे, मीही भांडले असते. पण पाटी खरी होती.

सेवाग्रामचं उदाहरण तर तुझ्या दारातलं. गांधीजींनी नयी तालीमचं, म्हणजे हातकामातून शिक्षणाचं, काम ज्यांच्यावर सोपवलं ते ई. डब्ल्यू. आर्यनायकम सिलोनचे, म्हणजे आजच्या श्रीलंकेचे, तमिळ ख्रिस्ती. परदेशातून येऊन वर्ध्याच्या मातीत शिकवणारा माणूस! वर्ध्यातच मगनवाडीत ग्रामोद्योगाचं काम बघणारे जे. सी. कुमारप्पाही ख्रिस्ती. दोघांचा धर्म कुणापासून लपलेला नव्हता. आणि सेवेचा उपयोग धर्मांतराच्या आमिषासारखा करू नका, असं मिशनऱ्यांना पुन्हा पुन्हा सुनावणारे गांधीजी त्यांच्याच बरोबर जेवत होते.

तुझ्या पत्रात पथकाचं आणखी एक म्हणणं आहे, की काही देशांत दार बंदच असतं, तिथं शिक्षक म्हणून गेल्याशिवाय इलाज नाही. याचं उत्तर सोपं नाही, म्हणून जरा थांबून बोलते. असे देश आहेत हे खरं. नेपाळच्या 2015 च्या राज्यघटनेत दुसऱ्याचं धर्मांतर करण्याला मनाई आहे. 2018 पासून लागू झालेल्या तिथल्या दंडसंहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. परदेशी माणूस असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर सात दिवसांत देशाबाहेर. चीनमध्येही परदेशी लोकांनी तिथल्या नागरिकांत धर्मप्रचार करायला बंदी आहे. हे कायदे मला पटतात असं नाही. माणसाला आपला धर्म बदलता यावा, असंच मी म्हणेन. शेवटी चवदार तळ्याच्या आणि दीक्षाभूमीच्या राज्यातली मी बाई.

पण अशा ठिकाणी गुपचूप शिकवणीतून प्रचार केला आणि पकडलं गेलं, तर भोगतो कोण? तुझ्याकडं पासपोर्ट आहे, वकिलात आहे, परतीचं तिकीट आहे. ज्या मुलीनं तुझ्या खोलीवर येऊन प्रार्थना केली तिच्याकडं यातलं काही नाही. पोलीस तिच्या घरी जातील, तिच्या बापाला बोलावतील. तिथं आधीपासून असलेली छोटी मंडळी, जी वर्षानुवर्षं शेजाऱ्यांशी जुळवून राहिलीय, तिच्यावर शिक्का बसेल. तुझ्यानंतर त्या गावात खराखुरा इंग्रजीचा मास्तर गेला तरी लोक त्याच्याकडं संशयानं बघतील. स्वतःच्या जिवावर धोका पत्करणारा माणूस मला समजतो. दुसऱ्याच्या जिवावरचा धोका त्याला न विचारता पत्करायचा, हे मला समजत नाही.

आणि गंमत अशी की तुला जिथं नेतायत तो थायलंड बंद देश नाहीच! लोक बहुतांश बौद्ध, ख्रिस्ती शंभरात एखादा, पण घटनेनं धर्मस्वातंत्र्य दिलेलं आहे. तिथं ख्रिस्ती शाळा उजळ माथ्यानं चालतात. बँकॉक ख्रिश्चन कॉलेज 1852 पासून आहे, चियांग माईचं प्रिन्स रॉयल्स कॉलेज 1887 पासून. चियांग माईलाच तिथल्या चर्चनं 1974 मध्ये पायाप विद्यापीठ काढलं. दाराशी नाव लावलेलं, आणि बौद्ध आईबाप रांगा लावून पोरं घालतात. धर्मकार्यासाठी येणाऱ्यांना वेगळ्या व्हिसाची सोयही आहे, मान्यताप्राप्त चर्च-संस्थांमार्फत. मग या पथकाला लपवायचं कशासाठी? माझा अंदाज विचारशील तर कागदपत्रांची खटपट नको म्हणून. ते धर्माचं कारण नव्हेच.

त्यावरून टुरिस्ट व्हिसाकडं येते. इथं मात्र मी मऊ बोलणार नाही. फिरायला म्हणून जायचं आणि शिकवायचं, हा तिथल्या कायद्यानं गुन्हा आहे, पगार घेतला नाहीस तरी. शिक्षकाला नॉन-इमिग्रंट बी व्हिसा लागतो, वर्क परमिट लागतं, पदवी लागते, आणि तिथल्या शिक्षक परिषदेचा परवाना किंवा तात्पुरती सूट लागते. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही त्यांच्याकडून आयईएलटीएस किंवा टोइकसारख्या परीक्षेचा निकाल मागतात. इकडून पोलिसांचा चारित्र्य दाखला आणि पदवीचं साक्षांकन करून न्यावं लागतं. ही सगळी कामं नोकरी देणारी शाळा नावानिशी पत्र देते तेव्हाच पुढं सरकतात. शाळेचं पत्र नाही म्हणजे नोकरी नाही, एवढं साधं आहे.

आणि 'तिथं पाहून घेऊ' या तीन शब्दांवर बँकॉकला उतरलेल्या आपल्या पोरांचं काय झालं ते पेपरात आलं होतं. चांगल्या नोकरीच्या आशेनं गेले, तिथून सीमेवरच्या मे सोतला नेले, नदीपलीकडं म्यानमारमध्ये सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत कोंडले. 2025 च्या मार्चमध्ये सरकारनं वायुसेनेच्या विमानांतून साडेपाचशेच्या आसपास लोक परत आणले. तुमचं पथक तसलं आहे असं मी म्हणत नाही. भली माणसं असतील. पण भल्या माणसांबरोबर गेलीस तरी चुकीच्या व्हिसावरची मुलगी कुणाच्याही दाबात येते. पासपोर्ट कुणी ठेवून घेतला तर पोलिसांत जायची सोय राहत नाही, कारण पहिला गुन्हा आपलाच.

आता जरा आनंदाचं. तुझं इंग्रजी.

ते पान मी लाल पेन घेऊन वाचलं, सवय जात नाही. 'द' आणि 'अ' बऱ्याच ठिकाणी गळालेत, मराठीत ते नसतातच म्हणून आपल्या सगळ्यांचे गळतात. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' असं एक वाक्य आहे, ते 'आय हॅव' कर. पण वाक्यं सरळ आहेत, शब्द नेमके आहेत, अर्थ कुठं अडत नाही. वर्षभर नेट लावून सुधारता येईल असंच आहे. इंग्रजी तुला घरात फुकट मिळाली नाही, ही तर शिक्षक म्हणून तुझी जमेची बाजू. कुठं पाय घसरतो ते तुला माहीत आहे.

खरी अडचण निराळी आहे, आणि पथकातल्या कुणी ती काढलेली दिसत नाही. तू आजवर इंग्रजी मराठीतून शिकवलीस. 'टेबल म्हणजे मेज', 'ही हॅज गॉन म्हणजे तो गेला आहे'. पोरं अडली की तू मराठीत येतेस. मीही तेच केलं, सगळा महाराष्ट्र तेच करतो. तिकडं हा आधार जाणार. तुला थाई येणार नाही, त्यांना मराठी येणार नाही. मग 'येस्टर्डे' कसं सांगशील? थाईमध्ये काळाप्रमाणं क्रियापद बदलत नाही, अनेकवचनाला रूप बदलत नाही. शब्दाच्या शेवटचं व्यंजन त्यांची मुलं गिळतात. 'र' आणि 'ल' मध्ये गल्लत होते, मग 'राइस' मागताना 'लाइस', म्हणजे भात मागताना उवा! हे हसण्यावारी न्यायचं नाही, त्यासाठी जीभ कुठं लावायची ते तोंड उघडून दाखवावं लागतं, पन्नास वेळा, न कंटाळता. चित्रं, हातवारे, दोघादोघांच्या जोड्या, आणि शिक्षिकेनं कमी बोलायचं. हे शिकावं लागतं.

त्याचं शिक्षण मिळतं. केंब्रिजचा सेल्टा हा कोर्स साधारण 120 तासांचा असतो, त्यात खऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवावं लागतं आणि मागं बसून कुणीतरी चुका टिपतं. महाग आहे, लाखाच्या वर जातो. इंटरनेटवर 'टेफल' नावानं काही हजारांत 120 तासांची सर्टिफिकेटं विकतात. त्यातली काही बरी असतात, पण समोर एकही पोर न बसवता मिळालेला शिक्षकाचा कागद मला तरी पोहण्याच्या पुस्तकी परीक्षेसारखा वाटतो.

मात्र त्याआधी, आणि बिनपैशाचं, तुझ्या तालुक्यातच एक करता येईल. एखाद्या कोलाम पोडावरच्या, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरच्या, शाळेत जाऊन पहिलीच्या वर्गात मागं बस. घरात कोलामी बोलणारं लेकरू, समोर मराठी बोलणारे गुरुजी. ते लेकरू 'बस' म्हटलं की शेजारच्याकडं बघतं, तो बसला की मग बसतं. पाटीवर काय लिहायचं ते कळत नाही म्हणून पाटी पदरासारखी छातीशी धरून ठेवतं. ते बघ. मग हेडमास्तरांच्या परवानगीनं शनिवारी तासभर त्या पोरांना इंग्रजी शिकव, मराठीचा एकही शब्द न वापरता. पहिल्या तासाला घाम फुटेल. दिवाळीपर्यंत टिकलीस तर परदेशातल्या वर्गात उभं राहायची तुझी लायकी आहे, हे मी लिहून देईन. अट एकच, तिथं गाणी-गोष्टी नकोत. फक्त इंग्रजी.

तुझ्या बाबांच्या टोमण्यालाही यातच उत्तर आहे. ते चिडून बोलले असतील, पण मुद्दा चुकीचा नाही. इथल्या पोट्ट्यांना शिकवून दाखवलंस तर तिकडच्यांना शिकवशील यावर त्यांचा विश्वास बसेल. शिवाय त्यांच्या मनात जे आहे ते त्यांनी बोलून दाखवलेलं नाही, असं मला वाटतं. गावात धर्मांतराच्या नावानं हल्ली काय काय बोललं जातं ते तुलाही ऐकू येतं. लेक परदेशात असलं काही करायला गेली असं पसरलं, तर चार एकरांच्या धुऱ्यावर रोज उभं राहायचं त्यांना आहे. आईच्या गप्प बसण्यात लग्नाची काळजी असेल. दोघांना एकत्र बसवून, पत्रकं समोर ठेवून बोल. त्यांच्यापासूनही काही लपवू नकोस.

पैशाचं सांगते आणि संपवते. अडीच लाख कशाचे, याचा हिशेब तुझ्या पत्रात नाही, म्हणजे त्यांनी दिलेला नाही. परदेशी नोकरी लावून देणाऱ्या एजंटाची आपल्याकडं सरकारकडं नोंदणी लागते, आणि नोंदणीकृत एजंटालासुद्धा तीस हजार रुपये अधिक जीएसटी याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. ही नोंद ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नाव टाकून बघता येते. आम्ही एजंट नाही, सेवा करतो, असं ते म्हणतील. म्हणू देत. मग विमानाचं तिकीट किती, राहण्याचं किती, विम्याचं किती, आणि संस्थेकडं किती राहतं ते कागदावर द्या म्हणावं. मंडळीतले लोक कापूस विकून अर्पण देणार, त्यांनाही ते कळायला हवं. आणि बाबांनी यासाठी सोसायटीचं कर्ज काढायचं नाही, बैलजोडी विकायची नाही, सावकाराकडं तर पाऊलही टाकायचं नाही. पाचारण तुला आलंय, सातबाऱ्याला नाही.

तीस तारखेला काय कळवायचं ते विचारलंस. मी मसुदा करून देते, तुझ्या शब्दांत बदलून घे:

"आपण माझा विचार केलात याबद्दल आभारी आहे. मला जायची इच्छा आहे. त्याआधी पुढील गोष्टी लेखी मिळाव्यात. कोणत्या शाळेत शिकवायचं तिचं नाव, पत्ता आणि त्या शाळेचं माझ्या नावाचं पत्र. व्हिसा आणि वर्क परमिट कोण काढणार, आणि ते हाती येण्याआधी मला निघावं लागणार नाही याची हमी. अडीच लाखांचा तपशील. माझा पासपोर्ट कायम माझ्याजवळ राहील हे. आजारी पडले किंवा परत यावंसं वाटलं तर तिकिटाची सोय. तसंच पालकांना द्यायच्या पत्रकात आपल्या संस्थेचं पूर्ण नाव आणि संध्याकाळच्या कार्यक्रमात बायबलच्या गोष्टी असतात हे थाईमध्ये छापावं, व त्याला मुलांना बसवणं पालकांच्या मर्जीवर ठेवावं. मी ख्रिस्ती आहे आणि श्रद्धेपोटी आले आहे, हे मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगेन. हे मान्य असल्यास पुढच्या वर्षीच्या तुकडीत माझा विचार व्हावा. यंदा मला तयारीला वेळ हवा आहे."

याची एक प्रत तुमच्या पास्टरांना दे. उत्तर लेखीच माग. फोनवर 'काही काळजी करू नका बेटा' म्हणाले तर ते उत्तर धरू नकोस. आलं की मला पाठव. शिक्षक म्हणून उभं राहण्याचा वाद असेल तर मी त्यांच्याशी थेट बोलायलाही तयार आहे. आणि पान परत पाठवते आहे, लाल शाईसकट. दुसरा परिच्छेद पुन्हा लिहून आण.